चर्चला वकिलांची विनामूल्य मदत: काम कसं बांधून घ्यायचं, अडतं कुठे

दप्तरी (धागाकर्ता)

अहिल्यानगर, जालना, सोलापूर, नाशिक या पट्ट्यात मिशनच्या काळापासूनच्या मराठी मंडळ्या (स्थानिक चर्चं) पुष्कळ आहेत. बहुतेकींचं उत्पन्न म्हणजे रविवारची थाळी (उपासनेत गोळा होणारं दान), दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणि कापणीच्या सणाचा लिलाव. वकिलाची फी त्यात बसत नाही. फुकट काम करून देणारे वकील मात्र मिळतात, मंडळीतले आणि बाहेरचेही. तरी फायली वर्षानुवर्षं हलत नाहीत, कारण कागद आणि सहीचा अधिकार या दोन गोष्टी नेमक्या कुणाकडे आहेत ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून हा धागा.

आधी एक गैरसमज. "विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथे वकील फुकट मिळतो" हा सल्ला चर्चच्या ट्रस्टला लागू नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ हक्क देतं ते व्यक्तींना: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले, कामगार, उत्पन्नमर्यादेतले. केंद्राच्या न्याय बंधू योजनेतही अर्जदार कलम १२ मधलाच लागतो. मंडळीतल्या माणसांसाठी मात्र तालुका विधी सेवा समिती उपयोगाची. स्त्री असेल तर उत्पन्न विचारतच नाहीत. दलित ख्रिस्ती पुरुषाने अनुसूचित जातीचा रकाना भरू नये, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे तो अर्ज तिथेच अडतो. उत्पन्नाच्या रकान्यातून जावं. आदिवासी ख्रिस्ती माणसाला ही अडचण नाही.

ट्रस्टसाठी उरतो स्वेच्छेने येणारा वकील. त्याची निवड करताना सर्रास होणारी चूक म्हणजे पंच कमिटीतल्याच (चर्चच्या कार्यकारिणीतल्याच) वकिलाला वकीलपत्र देणं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या वर्तन नियमांत स्पष्ट आहे की संस्थेच्या कार्यकारिणीवर असलेला वकील त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध उभा राहू शकत नाही. "पण तो फी घेत नाही ना" हा बचाव चालत नाही. बिनफीची सवलत त्या नियमात आहे, पण ती बार कौन्सिल, वकील संघ अशांपुरती. चर्च त्यात येत नाही. तेव्हा एक तर त्याने पंचपद सोडावं, नाहीतर आतून मसुदे तपासावेत आणि उभं राहायला दुसरा शोधावा. पुढे साक्षीला यावं लागेल अशा वकिलालाही वकीलपत्र देऊ नका. सभेचं इतिवृत्त त्यानेच लिहिलं असेल, तर तो साक्षीदारच आहे.

मग ठराव. "अमुक यांना ट्रस्टचे वकील नेमण्यात आले" एवढ्याने भागत नाही. कोणतं काम, कोणत्या कार्यालयापुढे, सह्या कोण करणार, खर्चाची मर्यादा किती, तडजोडीला होकार देण्याचा अधिकार कुणाला, हे सगळं ठरावात हवं. त्याच्या जोडीला वकिलाचं एक पानी पत्र: फी नाही, पण कोर्ट फी, नकला, नोटरी, वर्तमानपत्रातली नोटीस, प्रवास हे ट्रस्टकडून. आणि कोणतं काम यात धरलेलं नाही, तेही त्यात लिहून घ्या. चेंज रिपोर्टसाठी (विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयाला द्यायचा अहवाल) आलेल्या वकिलाकडे तिसऱ्या महिन्यात पाळकांच्या घरगुती वाटपाचा दावा येतो, आणि मग तो फोन उचलेनासा होतो.

पहिल्या भेटीत वकिलाच्या हाती द्यायचा कागद एकच: परिशिष्ट एकचा, म्हणजे पीटीआरचा (धर्मादाय कार्यालयातल्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा) ताजा, प्रमाणित उतारा. घरात पडून असलेली जुनी झेरॉक्स नव्हे, धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करून काढलेला. त्यावर विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत आणि मालमत्तेच्या रकान्यात काय आहे, यावरून पुढच्या कामाचा अंदाज येतो. निम्म्या उताऱ्यांवर देवाघरी गेलेली माणसं विश्वस्त असतात.

घंटाघर

छान धागा, वाचनखूण साठवली. प्रश्न: दर तीन वर्षांनी निवडणूक झाली, पण चेंज रिपोर्ट कधी दिलेच नाहीत. आता एकदम आजच्या कमिटीचा एकच देता येईल का?

दप्तरी

सरळ उडी मारता येत नाही. आजची कमिटी ज्यांनी निवडली त्यांचा अधिकार आधीच्या बदलातून येतो. मधली कडी नसेल तर हरकत घेणाऱ्याला आयतं हत्यार मिळतं. सगळ्यात जुन्या बदलापासून क्रमाने दाखल करायचे, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक पडतो. ते एकत्र चालवावेत असा अर्ज वकील देऊ शकतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या (जुना मुंबई कायदा, १९५०) कलम २२ प्रमाणे बदल घडल्यापासून ९० दिवसांत कळवायचा. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत हवाच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुरेसं कारण दाखवून आणि खर्च भरून मुदत वाढवून मिळते. "कायद्याची माहिती नव्हती" हे कारण म्हणून फार अशक्त आहे. सचिव वारले, दप्तर त्यांच्या घरी अडकलं, पाळकांची बदली झाली, अशी खरी आणि तारखेनिशी कारणं असतील तर ती लिहा, पुरावा जोडा. विश्वस्त बदलाला तात्पुरती मंजुरी देऊन ३० दिवसांत हरकती मागवायच्या, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीने आली.

प्रत्येक रिपोर्टला लागतं ते असं: परिशिष्ट तीनचा नमुना, सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठरावाची नक्कल, नव्यांची संमतीपत्रं, जुन्यांचं राजीनामापत्र किंवा मृत्यूचा दाखला, आणि हयात माजी विश्वस्तांची ना हरकत पुरसिस (सहीचं लेखी निवेदन) किंवा प्रतिज्ञापत्र. यातलं शेवटचं सगळ्यांत मोलाचं. ते असेल तर काम लवकर उरकतं. माजी विश्वस्त रुसला असेल तर त्याला नोटीस, त्याचं म्हणणं, उलटतपासणी, सगळं आलं.

नोटिशीचा पुरावा इथेच बहुतेक चर्चं पडतात. "उपासनेनंतर जाहीर केलं" असं इतिवृत्तात असतं. पण घटनेत लेखी नोटीस लिहिली असेल तर लेखीच लागते: जावक नोंदवही, टपालाच्या पावत्या, घरोघर दिल्याच्या सह्यांची यादी. यापुढे निदान नोटीस फलकावर लावून तारखेसह फोटो आणि सह्यांची यादी एवढं करा.

इतिवृत्ताची मूळ वही दाखवावी लागते, आणि समोरचा वकील ती उघडून आधी बघतो ते हे: ठराव आणि सह्या यांच्यामध्ये सोडलेल्या दोन रिकाम्या ओळी, आणि त्यात नंतर वेगळ्या शाईने घुसवलेलं नाव. अशी वही असेल तर तुमच्या वकिलाला आधीच दाखवा. फुकटच्या वकिलालाही कोर्टात तोंडघशी पाडू नये.

अजून एक. चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत निवडून आलेल्या विश्वस्तांना काहीच अधिकार नसतो, हे खरं नाही. मुंबई हायकोर्टाने ते वेगळं सांगितलेलं आहे. पण बँक मॅनेजर पीटीआर बघतो, हायकोर्ट नाही. खात्यावरच्या सह्या बदलताना अडणार हे धरून चाला.

फेरफार

जमिनीबद्दल लिहितो, कारण चर्चकडे येणाऱ्या दहा नोटिसांत जमिनीच्याच जास्त.

मिशन कंपाउंडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढली की भोगवटादाराच्या जागी "अमेरिकन मिशन", "मिशन सोसायटी", कधी नुसतंच एखाद्या गोऱ्या साहेबाचं नाव सापडतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून नावं कितीदा बदलली आणि फेरफार कितीदा झाला याचा मेळ बसत नाही. वकिलाला लागणारी साखळी अशी: मूळ खरेदीखत किंवा सनद, त्यानंतरची हस्तांतरणं, प्रत्येकाचा फेरफार क्रमांक, शेवटी आजचा उतारा. जुने सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून, मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवही भूमी अभिलेखकडून, नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकाकडून शोध घेऊन. हे काम वकिलाने करायचं नसतं. मंडळीतल्या निवृत्त माणसाला लावा. रोज तहसीलला चकरा मारायला वेळ आणि चिकाटी लागते, वकिलीची सनद लागत नाही.

जुने दस्त मोडीत असतील तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं. ओळखीच्या आजोबांकडून वाचून घेणं समजण्यापुरतं ठीक. दाखल करायचं असेल तर जाणकार मोडी वाचकाच्या सहीचं, प्रतिज्ञापत्रासह. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथे शिकलेली माणसं जिल्ह्यात सापडतात.

मिळकत पत्रिकेवर "सत्ता प्रकार" हा रकाना असतो, तो वाचल्याशिवाय कुणालाही काही कबूल करू नका. सरकारी पट्टा असेल, भोगवटादार वर्ग २ असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी लागते. छावणी भागातल्या चर्चांचं (नगर, देवळाली, कामठी, खडकी) तर आणखी निराळं: तिथे सातबारा नाही, छावणीचं जमीन रजिस्टर पाहायचं, आणि "ओल्ड ग्रँट" असं लिहिलेलं असेल तर इमारत तुमची असली तरी जमीन सरकारची.

आता विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६. विक्री, अदलाबदल, बक्षीस, शेतजमिनीचा १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिनशेती जमीन किंवा इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्टा: धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी नसेल तर व्यवहार वैध नाही. बिल्डरशी केलेला विकसन करारही "ही विक्री नाहीच" म्हणून सुटत नाही. तीन-तीन वर्षांचे पट्टे, आपोआप नूतनीकरणाच्या कलमासह, ही युक्ती सगळ्या धर्मादाय कार्यालयांना पाठ आहे. सह धर्मादाय आयुक्तांपुढे अर्ज करताना ठराव, मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल, शोध अहवाल, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, आलेल्या निविदा, आणि पैशाचं काय करणार याचा हिशेब जोडायचा. परीक्षा एकच: ट्रस्टचं हित, फायदा, संरक्षण. "छप्पर गळतंय, दुरुस्तीचा अंदाज एवढा, शिल्लक एवढी" हे आकड्यांत मांडलं तर ऐकतात. "मंडळीच्या सर्वांगीण विकासासाठी" असं लिहिलं की प्रश्नांची सरबत्ती.

परवानगी मिळाली म्हणून महसुलाची परवानगी मिळाली असं नाही, आणि उलटही नाही. हे दोन्ही कागद हातात आल्याशिवाय इसार घेऊ नये.

घंटाघर

अतिक्रमणाचं काय? कबरस्थानाच्या कडेने टपऱ्या आल्यात, अशी तक्रार जवळपास प्रत्येक गावात आहे.

फेरफार

आधी मोजणी. भूमी अभिलेखकडे मोजणीची फी भरून हद्द कायम करून घ्या. त्याशिवाय टपरी आत आहे की रस्त्यात, हेच सिद्ध होत नाही. रस्त्यात असेल तर ते नगरपालिकेचं काम. आत असेल तर दिवाणी दावा, आणि सगळे विश्वस्त वादी हवेत. ट्रस्ट स्वतः कायदेशीर व्यक्ती नाही. एकट्या अध्यक्षाने लावलेला दावा याच मुद्द्यावर पडतो. एखादा विश्वस्त सही देत नसेल तर त्याला प्रतिवादी करायचं, गाळायचं नाही. सोसायटी नोंदणी कायद्याखालची संस्था असेल तर तिच्या नियमांत कुणाच्या नावाने दावा लावायचा ते लिहिलेलं असतं. थडग्यांची मोडतोड किंवा दफनविधीत अडथळा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ आहे. पण हद्दीचा वाद फौजदारीतून सुटत नाही.

तिसरी_घंटा

दप्तरी, एक मुद्दा राहिला. अशिल कोण? उत्तर भारतीय मंडळीच्या (सीएनआय) पास्टोरेटमध्ये (एका पाळकाच्या हाताखालच्या मंडळीत) पास्टोरेट कमिटी वेगळी, धर्मप्रांत वेगळा, आणि मालमत्ता तिसऱ्याच एखाद्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते. कमिटीने दिलेलं वकीलपत्र घेऊन वकील कोर्टात उभा राहतो आणि पहिल्याच तारखेला समोरून विचारणा होते की वादीचा हक्क काय.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने एकीकरण झालं म्हणजे मालमत्ताही आपोआप आली, अशी समजूत वर्षानुवर्षं होती. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये विनोदकुमार मालविया विरुद्ध मगनलाल गामेती या गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या खटल्यात ती मोडीत काढली: सोसायटी विसर्जित करायची, विलीन करायची, तर सोसायटी नोंदणी कायदा आणि विश्वस्त कायदा या दोन्हींतली प्रक्रिया पाळावीच लागते, नुसत्या ठरावाने मालमत्ता सरकत नाही. त्याच वादातला २००५ चा लवजीभाई रतनजीभाई निकालही वकिलाने वाचून यावा. त्यात म्हटलंय की हे प्रश्न धर्मादाय आयुक्तांपुढचे, दिवाणी कोर्टाला विश्वस्त कायद्याच्या कलम ८० ची आडकाठी. चुकीच्या दारात लावलेल्या दाव्यात आयुष्य जातं.

त्यामुळे पहिल्याच बैठकीत प्रत्येक मिळकतीसाठी एक ओळ लिहा: उताऱ्यावर कुणाचं नाव, पीटीआरवर कुणाचं, ताबा कुणाचा. तिन्ही रकान्यांत वेगवेगळी नावं आली तर वकिलाने अशिल ठरवल्याशिवाय पेन उचलू नये. आणि मंडळीत दोन गट असतील तर "मी दोघांचाही" असं म्हणणाऱ्या वकिलाला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. उद्या एका गटाची गुपितं घेऊन तो दुसऱ्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही, आणि तुम्हाला ऐनवेळी नवा शोधावा लागतो.

डबल_एन्ट्री

सीए म्हणून दोन-तीन गोष्टी, ज्या वकिलाच्या फायलीत नसतात पण त्याची केस बुडवतात.

हिशेब ३१ मार्चला बंद झाल्यावर सहा महिन्यांत ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात अहवाल गेला पाहिजे. पाच वर्षं ऑडिट नाही आणि कलम ३६ खाली जमीन विकायची परवानगी मागताय, तर पहिला प्रश्न काय असेल ते सांगायला नको.

थाळीची रक्कम दोघांनी मोजायची, त्याच दिवशी वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. निनावी देणग्यांवरचा कर निव्वळ धार्मिक ट्रस्टला लागत नाही, म्हणून थाळीची काळजी नको. पण त्याच ट्रस्टच्या नावाने बालवाडी किंवा दवाखाना चालत असेल आणि कुणी निनावी देणगी "शाळेसाठी" म्हणून दिली, तर ती करात येते.

८०जी ची पावती (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी) चर्चकडून मागणारे खूप. धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या ट्रस्टला ती सवलत मिळत नाही, म्हणजे चर्चला जवळपास कधीच नाही. १२एबी ची नोंदणी (ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या करमाफीसाठीची) वेगळी, ती हवीच. लहान ट्रस्टना आता ५ ऐवजी १० वर्षांसाठी मिळते. (हे सगळे जुन्या कायद्याचे क्रमांक. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू, तिथे क्रमांक वेगळे. ऑफिसात अजून जुनेच बोलले जातात.)

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्याखाली नोंदणी नसेल तर परदेशी स्रोताचा एक रुपयासुद्धा घ्यायचा नाही. गावचा मुलगा अमेरिकेत आहे आणि अजून भारतीय पासपोर्टवर आहे, त्याने आपल्या बचतीतून पाठवलेले पैसे परदेशी धरत नाहीत; पासपोर्टची प्रत आणि त्याचं पत्र फायलीला लावा. तोच मुलगा तिकडचा नागरिक झाला, ओसीआय कार्ड घेतलं, की त्याचे पैसे परदेशी, मग ते रुपयांत दिले तरी. पाहुण्या गोऱ्या बाईंनी थाळीत टाकलेली नोटही त्यातच. नोंदणी असेल तर पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यायचे, दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचे नाहीत, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि एफसी-४ हा वार्षिक हिशेबाचा नमुना ३१ डिसेंबरपर्यंत. पैसे आले नसले तरी निरंक भरायचा. बहुतेक जण इथेच चुकतात.

कोर्टकचेरी

रविवारी दुपारी वकिलाला येणारा फोन मात्र जमिनीचा नसतो. उपासना थांबवली, पाळकांना ठाण्यात नेलं, असा असतो. त्यासाठी आधीच एक कागद टाइप करून पाळकांच्या खिशात हवा.

उपासनेत व्यत्यय हा न्याय संहितेच्या कलम ३०० खाली दखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून देत असतील तर ते चूक, एफआयआर मागायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी नोंद करावी लागते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. नकार दिला तर टपालाने पोलीस अधीक्षकांना, तरी नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे. क्रम सोडून थेट कोर्टात गेलात तर परत पाठवतात.

उलट पाळकांवरच गुन्हा असेल आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल, तर अटकेआधी त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस हा नियम. नोटीस आली की हजर राहायचं, टाळायचं नाही. टाळलं की अटकेला कारण मिळतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवायचा नाही. जमाव ठाण्यासमोर नेऊ नये. दोन माणसं आणि वकील पुरे.

हँडबिल छापण्याआधी वकिलाला दाखवा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा प्रार्थनेला हात लावत नाही, चर्चमधल्या प्रार्थनेला त्यात अपवाद आहे. पण चंगाई सभेच्या (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेच्या) पत्रकावर "औषधं सोडा" किंवा पैशाच्या बदल्यात चमत्काराचं आश्वासन असेल तर अपवादाचं कवच उरत नाही. भोंग्याची परवानगी पोलिसांकडून लेखी, आणि रात्री १० नंतर नाही. चर्च ऑफ गॉड (फुल गॉस्पेल) या चेन्नईच्या चर्चच्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय की शेजाऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाही धर्म सांगत नाही. हा निकाल आपल्या विरुद्ध वापरला जातो, तेव्हा आपणच आधी पाळलेला बरा.

लग्नं. स्वतंत्र मंडळ्यांचे पाळक १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालचा परवाना न घेता लग्नं लावतात. कलम ६८ खाली १० वर्षांपर्यंत कैद आहे. वकिलाने पहिल्याच महिन्यात परवान्याची मूळ प्रत, विवाह नोंदवही आणि तिच्यातले पाठवायचे उतारे तपासावेत. दोन साक्षीदार, वर २१, वधू १८, आणि साधारण नियमाने वेळ सकाळी ६ ते सायंकाळी ७. नोंदवही अर्धवट असेल तर त्रास पाळकांना नंतर, जोडप्याला आधी: पासपोर्ट ऑफिसात.

आणि यात तडजोड नाही असा एक विषय. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं पाळकांना कळलं, कबुलीत कळलं तरी, पोक्सोच्या (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. वकील-अशील गोपनीयता कायद्यात आहे, पाळक आणि कबुली देणारा यांच्यातली नाही. "आधी कमिटीत घेऊ" असं म्हणणाऱ्या कमिटीचं काम विनामूल्य वकिलाने घेऊ नये. पीडित मुलासाठी वकील वेगळा, चर्चचा तोच नाही.

साधा_पंच

एवढं सगळं फुकट करायचं तर वकिलाने जगायचं कसं? काही ठिकाणी "जमीन सुटली तर एक गुंठा तुमचा" असं बोलणं होतं. ते तरी रास्त आहे.

दप्तरी

रास्त नाही आणि चालतही नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा वादातल्या मालमत्तेत वाटा घेणं वकिलाला बंद आहे, सनद जाऊ शकते. शिवाय तो गुंठा देताना पुन्हा कलम ३६ आलंच! द्यायचं असेल तर सरळ ठराव करून रास्त फी द्या, कमी का असेना, आणि चेकने. नसेल तर मान्य केलेला खर्च वेळेवर द्या. फुकट काम करणाऱ्या वकिलाच्या खिशातून मूल्यांककाचे पैसे जायला लागले की पुढची तारीख लांबते, आणि त्याला दोष देता येत नाही.

कृतज्ञता म्हणून फाटकावर वकिलाच्या फोटोचा फ्लेक्सही लावू नका. जाहिरातबंदीचा नियम त्याच्या अंगावर येतो. मंडळीच्या पत्रकात "मोफत कायदा सल्ला" खाली नाव आणि मोबाइल छापणंसुद्धा धोक्याचं. सचिवांचा नंबर द्या, सचिव पुढे जोडून देतील.

वसईची_सर

वरचं बरंचसं प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं. कॅथलिक पॅरिशमध्ये पॅरिश कौन्सिल सल्लागार असते, त्यांचा ठराव वकीलपत्राला पुरत नाही. पीटीआरवर विश्वस्त कोण ते बघा आणि बिशप हाउसचं पत्र घ्या. विक्रीला कलम ३६ शिवाय कॅनन लॉची (कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याची) संमतीही लागते (कॅनन १२९१ आणि १२९२). दोन्ही समांतर चालवा, एकामागून एक नको. गोव्यात महाराष्ट्राचा हा कायदाच लागू नाही, तिकडच्या प्रश्नांना इथली उत्तरं लावू नका.

घंटाघर

शेवटचा प्रश्न. वकील शनिवारी दोन तास येणार असतील तर त्या दोन तासांत काय काय आटपावं?

दप्तरी

त्या शनिवारच्या आधीच पीटीआर उतारा, ट्रस्टची घटना, शेवटच्या तीन वर्षांची ऑडिट, इतिवृत्ताच्या सगळ्या वह्या, सभासदांची यादी (प्रभुभोजन घेणाऱ्यांची नोंदवही तीच धरतात, ती अद्ययावत करा) आणि आलेल्या सर्व नोटिसा त्यांच्या पाकिटांसकट एका टेबलावर मांडा. पाकीट टाकून देऊ नका. नोटीस कधी पोचली ते शिक्क्यावरून ठरतं आणि मुदत तिथून मोजतात. पहिला अर्धा तास फक्त मुदतींचा: कुठलं अपील, कुठलं म्हणणं, कुठली हरकत कधी संपते. महसूल अधिकाऱ्याच्या फेरफार आदेशावर अपिलाला ६० दिवस असतात, तिथून सुरुवात करा. उरलेल्या वेळात सह्या. सगळ्या विश्वस्तांना त्याच दिवशी, त्याच टेबलावर बोलवा. सही राहिलेला एक विश्वस्त पुण्याला मुलाकडे गेला की दोन महिने गेले.

साधा_पंच

आणि चहा कुणाकडून?

दप्तरी

व्हाउचर करा, डबल_एन्ट्री बघतायत.